डीएमने म्युझिक कधी लावावं आणि कधी बंद करावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुळे सोलापुरात एकाच्या घरी तुम्ही पाच जण दर रविवारी डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून, फासे टाकत गोष्ट रंगवायचा खेळ खेळता, आणि गोष्ट चालवणारा डीएम (डन्जन मास्टर) तुम्ही. तीन रात्री जागून जंगल, टॅव्हर्न, फाईट, स्मशान, दरबार अशा अकरा प्लेलिस्ट केल्यात. पहिल्या सेशनला सगळे "भारी बे" म्हणाले. तिसऱ्या सेशनला एक जण म्हणाला, "ते बंद कर ना, डोकं उठलं." आणि आता तुम्ही विचारताय की कुठलं म्युझिक लावलं तर त्यांना आवडेल.

माझ्या मते कुठलं म्युझिक हा प्रश्न चौथ्या-पाचव्या नंबरचा आहे. खरी अडचण तुम्ही जाता जाता एका वाक्यात लिहून गेलात: "फाईट सुरू झाली की ट्रॅक शोधेपर्यंत मूड जातो, आणि लागल्यावर सगळ्यांना ओरडून बोलावं लागतं." म्हणजे तुमचं निम्मं लक्ष मोबाईलमध्ये अडकलंय आणि उरलेल्या निम्म्याशी स्पीकर भांडतोय. या दोन गोष्टी सुटल्या की साधा पावसाचा आवाजसुद्धा पुरतो. नाही सुटल्या तर कितीही भारी म्युझिक आणा, चौथ्या रविवारी पुन्हा कुणाचं तरी डोकं उठणार.

माझं सांगायचं तर गेली बारा-तेरा वर्षं मी डीएम करतोय. त्याच्याही आधीपासून हौशी नाटकांना म्युझिक ऑपरेट करतो. राज्य नाट्य स्पर्धेच्या दिवसांत हुतात्मा स्मृती मंदिरात एका कोपऱ्यात हेडफोन लावून, मांडीवर स्क्रिप्ट घेऊन बसलेला जो माणूस असतो, तो मी. त्यामुळे सुरुवातीला मीही तुमच्यासारखंच केलं. नाटकाची पद्धत उचलून टेबलावर आणली. ती चालत नाही. नाटकात म्युझिकवाल्याकडे स्क्रिप्ट असते, पेन्सिलने क्यू मारलेले असतात, कुठल्या वाक्यानंतर नट श्वास घेणार हे तालमीत पन्नास वेळा ऐकलेलं असतं. टेबलावर स्क्रिप्टच नसते. दिग्दर्शक तुम्ही, खलनायक तुम्ही, घोड्यांचा व्यापारी तुम्ही, आणि वरून म्युझिकवालाही तुम्हीच. यातलं एक काम हलकं करावंच लागतं, आणि हलकं करण्यासारखं काम म्युझिकचंच आहे.

पुढचं सगळं माझ्या टेबलावरचं आहे. तुमच्याकडे काही गोष्टी वेगळ्या असतील. तीन खेळाडू आणि सात खेळाडू यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. सात जण असतील तर माझं उत्तर जवळजवळ "लावूच नका" असं आहे. भयकथेला म्युझिक जास्त मानवतं, विनोदी खेळाला कमी, कारण विनोद टायमिंगवर चालतो आणि मागे चालू असलेली लय ते टायमिंग खाते. आणि टेबलावर कुणाला कमी ऐकू येत असेल तर आधी त्याला विचारा. माझ्याकडे एकाला डाव्या कानाने जवळपास ऐकूच येत नाही. दोन वर्षं तो बिचारा गप्प बसायचा आणि आम्हाला वाटायचं की त्याचा स्वभावच शांत आहे. त्याला माझ्या डावीकडच्या खुर्चीवर घेतलं, म्हणजे त्याचा उजवा कान माझ्याकडे आला. तो बोलायला लागला की मी आवाज पूर्ण बंद करायला लागलो. आता तोच सगळ्यात जास्त बडबडतो.

आता आवाजाच्या पातळीबद्दल, कारण माझ्या मते निम्मं काम इथेच होतं. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो. एतिएन लोंबार नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १९११ साली हे मांडलं, म्हणून त्याला लोंबार परिणाम म्हणतात. टेबलावर तो असा दिसतो: तुम्ही म्युझिक लावता, खेळाडू जरा मोठ्याने बोलतात, त्यात म्युझिक बुडतं म्हणून तुम्ही दोन रेघा वाढवता, ते आणखी मोठ्याने बोलतात. तासाभरात सगळे भाजी मंडईत उभं राहून बोलल्यासारखे बोलत असतात आणि नेमकं काय बिनसलं ते कुणालाच कळत नाही. "डोकं उठलं" म्हणणाऱ्याचं डोकं बहुतेक म्युझिकने उठलेलं नसतं, चार तास ओरडून उठलेलं असतं.

साधं बोलणं एक मीटरवरून साधारण साठ डेसिबल भरतं. मी म्युझिक त्याच्या पंधरा खाली ठेवतो, म्हणजे पंचेचाळीसच्या आसपास. दहा डेसिबल कमी झाले की कानाला आवाज निम्मा वाटतो, त्यावरून अंदाज घ्या. मोबाईलवरचं फुकटचं डेसिबल मीटर फार अचूक नसतं, पण दोन आकड्यांमधला फरक बघायला पुरतं. तेही नको असेल तर माझी चाचणी वापरा. सेशनच्या आधी म्युझिक लावा, एकाला सगळ्यात लांबच्या खुर्चीवर बसवा आणि कुजबुजल्यासारखं एखादं अवघड नाव सांगा. "काय?" असं त्याने एकदा जरी विचारलं तर आवाज खाली. स्पीकर तुमच्या स्क्रीनमागे, म्हणजे डीएमची टिपणं झाकणाऱ्या आडोशामागे, ठेवू नका. तुमचा आवाज आणि म्युझिक एकाच दिशेने आले की कानाला ते वेगळे करायला कष्ट पडतात. माझा स्पीकर खेळाडूंच्या पाठीमागे, पुस्तकांच्या कपाटावर भिंतीकडे तोंड करून असतो.

आणि सोलापूरचा उन्हाळा. हे कुठल्याच परदेशी व्हिडिओत सांगत नाहीत. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर, खोलीत कूलर धडधडतोय, वर पंखा. कूलरचाच आवाज इतका असतो की हळू म्युझिक त्यात गडप होतं, आणि ऐकू येईल इतकं वाढवलं की वर सांगितलेली मंडई सुरू. मी उन्हाळ्यात सलग पार्श्वसंगीत लावतच नाही. दरवाजा करकरला, घंटा वाजली, एवढेच पाच-दहा सेकंदांचे आवाज. बाकी कूलरला मी वाळवंटातला वारा म्हणून घोषित करतो. पूर्व भागात एका मित्राकडे खेळायचो, तिथे खाली यंत्रमाग होते. खटखट-खटखट दिवसभर. पहिल्या दिवशी वैताग आला. दुसऱ्या खेपेला मी सगळ्यांना बटूंच्या डोंगरातल्या लोहारशाळेत नेऊन बसवलं आणि सहा सेशन तिथून बाहेरच काढलं नाही. माग बंद झाले की लोहारशाळेची पाळी सुटायची.

म्युझिक कधी लावायचं, यावर मला सगळ्यात जास्त शिकवलं ते पोवाड्याने. शाहीर कथन करत असतो तेव्हा डफ आणि तुणतुणं मागे असतं, जेमतेम ताल धरून. प्रसंगाची ओळ संपली, शाहिराने दम घेतला, की झीलकरी "जी जी रं जी" उचलतात आणि डफ कडाडतो. म्हणजे जोराचा आवाज शब्दांच्या मधल्या फटीत येतो, शब्दांच्या अंगावर नाही. टेबलावरही अशा फटी असतात: तुम्ही नकाशा मांडताय, कुणी स्पेल (मंत्र) शोधतोय, कुणी फासे गोळा करतोय, चहा येतोय. म्युझिक वर आणायचं ते तिथे. तुम्ही तोंड उघडलं की खाली. एखादं पात्र रडत असेल, दोन खेळाडू आपसात पात्रांच्या भाषेत भांडत असतील, तेव्हा तर शून्य. अशा वेळी हळूच लावलेलं करुण व्हायोलिन म्हणजे बोलणाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून "आता रडायचं हं" असं सांगणं.

फाईट म्युझिकबद्दल तुम्ही वेगळं विचारलंय, तर तिथे सगळेच एक चूक करतात. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीच्या नियमांत एक राउंड, म्हणजे सगळ्यांची एकेक पाळी, सहा सेकंदांचा. चार राउंडची मारामारी गोष्टीत चोवीस सेकंदांची असते, टेबलावर मात्र तिला सहज एक तास लागतो, कारण पाच जणांची पाळी, फासे, बेरजा, "थांब, माझा बोनस किती होता?" चोवीस सेकंदांसाठी लिहिलेले ढोल-ताशे तुम्ही तासभर वाजवताय. दहाव्या मिनिटाला कान ते ऐकणं सोडतो आणि नुसता थकवा उरतो. शिवाय वेगवान ठेका लोकांना घाई करायला लावतो. ज्याला आधीच बेरीज जमत नाही त्याचं आणखी चुकतं, मग तो कानकोंडा होतो आणि पुढच्या वेळेला साधा हल्ला करून गप्प बसतो.

मी असं करतो. "इनिशिएटिव्ह टाका" (म्हणजे कुणाची पाळी आधी ते ठरवणारा फासा टाका) म्हटलं की ढोल. सगळे फासे टाकून आकडे सांगेपर्यंत तो चालतो, मिनिट-दीड मिनिट. पहिली पाळी सुरू झाली की हळूहळू खाली घेतो आणि फक्त त्या जागेचा आवाज ठेवतो, पाऊस किंवा गुहेतलं टपटप. मग कुणाचे हिट पॉइंट, म्हणजे पात्राचा जीव मोजणारे गुण, शून्यावर आले की सगळंच बंद. खाली पडलेला खेळाडू डेथ सेव्हचा, म्हणजे पात्र जगणार की मरणार ते ठरवणारा, फासा उचलतो. दहा किंवा वर आला तर यश, खाली आला तर अपयश, तीन अपयशं म्हणजे खेळ खलास. तो वीस बाजूंचा फासा लाकडी टेबलावरून गडगडत जातो, तो आवाज ऐकू आला पाहिजे. त्याच्यापेक्षा भारी म्युझिक मला अजून सापडलेलं नाही.

म्हणजे आत्तापर्यंत: आवाज तुम्हाला वाटतो त्याच्या निम्मा, म्युझिक बोलण्याच्या फटीत, फाईटमध्ये फक्त सुरुवातीला. आता ट्रॅक.

अकरा प्लेलिस्टमधल्या आठ बाजूला ठेवा. एका सेशनला तीन आवाज पुरतात: एक जागेचा, एक धोक्याचा, आणि एक एखाद्या पात्राचा किंवा वस्तूचा. जागेचा ट्रॅक रिपीटवर. टेबलटॉप ऑडिओसारख्या साइटवर खास याच कामासाठी केलेले दहा-दहा मिनिटांचे ट्रॅक मिळतात, तिथून सुरुवात करा. ट्रॅकला नावं देऊ नका, नुसते एक, दोन, तीन असे आकडे द्या. हे मी पोळून शिकलो. एका कॅम्पेनमध्ये, म्हणजे अनेक सेशन चालणाऱ्या गोष्टीत, गावचा भला पुजारीच खरा खलनायक होता, दीड वर्षाचं गुपित. चहाच्या वेळी मोबाईल टेबलावर उघडा राहिला आणि एकाने मोठ्याने वाचलं, "पुजारी उलटतो, अंतिम." पुढचं सेशन कसं झालं असेल ते सांगायला नको. आकडे दिले की आणखी एक सोय होते: मोबाईल एखाद्या खेळाडूकडे देऊन टाकता येतो. तुम्ही दोन बोटं दाखवायची, त्याने दोन नंबर लावायचा. ज्याला पाळी येईपर्यंत चुळबुळ सुटते त्याला हे काम द्या. तुमची शोधाशोधीची कटकट इथेच संपते.

शब्द असलेली गाणी टाळा. ऐकलेला शब्द आणि बोललेला शब्द मेंदूत एकाच दारातून आत शिरायला बघतात. "परकी भाषा असली तर चालेल ना?" असं मलाही वाटायचं. एकदा राक्षसराजाच्या प्रवेशाला मी एका तेलुगू चित्रपटातला कोरस लावला. कुणाला कळणार, म्हटलं. सोलापुरात हा विचार करणारा मी एकटाच शहाणा! टेबलावरचा पद्मशाली मित्र पाणी पिता पिता ठसकला, कारण त्या कोरसवर पडद्यावर कोण कसा चालत येतो हे त्याला पाठ होतं, आणि त्याने ते उठून करूनही दाखवलं. राक्षसराजाला त्या दिवसापासून कुणी घाबरलं नाही. गाजलेल्या चित्रपटांच्या बिनशब्दांच्या म्युझिकचंही तेच. ते आपला चित्रपट सोबत घेऊन येतं. सनईचंही तेच. मला एका भुताळी वाड्यात सनई हवी होती, पण सनई सुरू झाली आणि एक जण म्हणाला, "पंगत कधी बसणार?" शेवटी सुंदरी लावली. सनईच्या कुळातलं, पण आकाराने लहान, आपल्या सोलापूरचंच वाद्य. आवाज ओळखीचा तरी थोडा चिरका, लांबून आल्यासारखा. ते बरोबर बसलं.

परदेशी फँटसी ट्रॅकच लावायला हवेत असंही काही नाही. आपल्याकडचा आलाप या कामाला फार चांगला, कारण तबला येईपर्यंत त्याला ठेका नसतो आणि तो कुणाला घाई करत नाही. तळघर, थडगं, मध्यरात्र यांना मी रुद्रवीणेवरचा मालकंस लावतो. रे आणि प नसलेला, खालच्या सप्तकात रेंगाळणारा. त्या रागाने भुतं येतात अशी जुनी समजूत आहेच, ती खेळाडूंना आधी सांगून ठेवा, अर्धं काम तिथेच होतं. संध्याकाळ होतेय, गावाची वेस बंद होणार आणि अजून दोन मैल जायचंय, तेव्हा मारवा. त्यात सा टाळत टाळत गायचं असतं, त्यामुळे ऐकणाऱ्याला टेकायला जागाच मिळत नाही. कारण कुणाला कळत नाही, पण खुर्च्यांवरची चुळबुळ दिसते. गाणं शिकलेला कुणी टेबलावर असेल तर मात्र हे करू नका. तो खेळायचं सोडून दाद द्यायला लागतो.

तिसऱ्या आवाजाबद्दल, म्हणजे पात्राच्या किंवा वस्तूच्या, एक प्रसंग सांगतो. कॉल ऑफ क्थुलू या भयकथांच्या खेळाचे नियम घेऊन मी १९३० सालच्या सोलापुरात एक भयकथा चालवली होती. मार्शल लॉच्या आदल्या महिन्यातलं गाव, कापडाची गिरणी, पाळीला गेलेले कामगार परत येत नाहीत. त्या गोष्टीत मी म्युझिक जवळजवळ वापरलंच नाही. फक्त गिरणीचा भोंगा. आठ सेकंदांचा एक जुना सायरन मी फुकटच्या ऑडॅसिटीवर थोडा घोगरा करून घेतला होता. प्रत्येक वेळी पाळी बदलली की भोंगा. पहिल्यांदा दचकले. दुसऱ्या सेशनला कुणी मान वर केली नाही. तिसऱ्याला तर एक जण भोंगा झाला की शेंगा चटणीचा डबा उघडायचा, आमची मधली सुट्टी झाली म्हणून. मला हेच हवं होतं. चौथ्या सेशनला मी सांगितलं, "पहाट झालीय. चाळीत चुली पेटल्यात. बायकांनी भाकरी फडक्यात बांधल्यात. माणसं दारात उभी आहेत." आणि गप्प बसलो. मोबाईलकडे हात नेला नाही. दहा सेकंद, पंधरा सेकंद. डबा अर्धवट उघडून एकाचा हात थांबला. मग कुणीतरी हळूच विचारलं, "भोंगा का नाही झाला?"

त्या रात्री मी पुढे काहीही वर्णन केलं असतं तरी ते घाबरले असते. पण त्यासाठी तीन सेशन तो भोंगा न चुकता वाजवावा लागला होता. एका आवाजाची सवय लावायला इतका वेळ लागतो. अकरा प्लेलिस्टमध्ये कुठल्याच आवाजाची सवय लागत नाही.

तांत्रिक गोष्टी भरभर सांगतो. फुकटच्या अॅपवर म्युझिक वाजवू नका, जाहिराती येतात. मरणाऱ्या राजाच्या शेवटच्या शब्दांनंतर माझ्या स्पीकरने तत्काळ कर्ज देऊ केलं होतं. ट्रॅक डाउनलोड करून ठेवा. मोबाईल विमानमोडवर टाकून मग ब्लूटूथ चालू करा, नाहीतर आईचा फोन येतो आणि सगळ्या गुहेत घुमतो. काही स्पीकर शांततेत पाच-दहा मिनिटांनी आपोआप झोपतात आणि जागे होताना टुंग करतात. तुमचा तसा असेल तर सरळ वायर लावा. ब्लूटूथला आवाज किंचित उशिराही येतो. पावसाला फरक पडत नाही, पण दार आपटण्याचा आवाज तुमच्या टाळीनंतर आला की हसं होतं. स्पॉटिफाय वापरत असाल तर क्रॉसफेड (एक ट्रॅक विरत असताना दुसरा चढत येणं) बारा सेकंदांपर्यंत वाढवता येतो, तो पूर्ण वाढवा.

ऑनलाइन खेळत असाल तर स्पीकरवर वाजवून माईकमधून पाठवू नका. डिस्कॉर्ड हे गप्पांचं अॅप ते गोंगाट समजून कापतं आणि नुसतं खरखर पोचतं. केंकू एफएमसारखं काही वापरून म्युझिक वेगळ्या सदस्याच्या नावाने आत आणा. मग ज्याला त्रास होतो तो आपल्यापुरता त्याचा आवाज कमी करू शकतो. खरं सांगायचं तर ही सोय प्रत्यक्ष टेबलावर असायला हवी होती.

या रविवारी एवढंच करा: पहिला तास काहीच लावू नका. मग एकच जागेचा आवाज, हळू. आणि ज्याने "बंद कर ना" म्हटलं त्याच्याच हातात मोबाईल द्या.

तुमचा शेवटचा प्रश्न म्युझिकचा नव्हता, पण उत्तर म्युझिकचंच आहे: रात्री अकरानंतर कुणी उठतच नाही, यजमानाच्या घरचे वैतागतात. मी गेली काही वर्षं सेशनच्या शेवटी, मी एक्स्पी (खेळात मिळालेले अनुभवाचे गुण) सांगत असताना, बासरीवरची भैरवी लावतो. मैफल भैरवीने संपते हे आपल्याकडे सगळ्यांच्या अंगात मुरलेलं आहे. सुरुवातीला कुणाच्या लक्षात आलं नाही. आता ती लागली की एक जण कप गोळा करतो, दुसरा गाडीची चावी शोधतो. परवा एका लग्नात जेवताना मागे भैरवी सुरू झाली, तर आमचा एक पठ्ठ्या ताट अर्धं टाकून चप्पल शोधायला लागला.